फौजीच्या डबीतला मणी

आमच्या गावात आजही काही लोक सांगतात की खुशालराव फौजी रिकाम्या तोंडानं गेला. सांगू द्या. मी त्यांची सून आहे, त्या वेळी तिथं उभी होते, आणि सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात हे मला चांगलं ठाऊक आहे. उरलेली अर्धी मी सांगते. कोणाला राग आला तर येऊ द्या. माझं घर बसस्टँडच्या मागंच आहे, येऊन भांडावं.

रिकामं तोंड म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडं माणूस गेला की तिरडी उचलायच्या आधी त्याच्या तोंडात तुळशीचं पान, थोडं गंगाजळ आणि सोन्याचा एखादा कण ठेवतात. घरात सोनं नसलं तरी कुठून तरी आणतात, नाहीतर बायकोच्या गळ्यातल्या पोतीतला मणी काढतात. ते सोनं त्याच्याबरोबर चितेवर जातं आणि तिसऱ्या दिवशी राखेबरोबर कौंडण्यपूरला वर्धेच्या पाण्यात. सोनं नसलं तर मेलेल्याला पुढची वाट मिळत नाही म्हणतात. वाट मिळाली की नाही हे सांगायला आजवर कोणी परत आलेलं नाही, तरी म्हणतात.

आणि मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, अर्धं आयुष्य सोनं शोधण्यात गेलं होतं.

ते फौजेत हवालदार होते, पूल बांधणाऱ्या पलटणीत. चोवीस वर्षं नोकरी झाली, त्यातली तीन अरुणाचलात सुबनसिरी नदीच्या काठी. तिथं काही घरं पिढ्यान्‌पिढ्या नदीची रेती धुऊन सोनं काढत. मामाजींनी सुट्टीच्या दिवशी त्यांच्यात जाऊन बसायला सुरुवात केली. भाषा येत नव्हती, पण भाषा येत नाही म्हणून मामाजी गप्प बसले असं कधी झालं नाही. लाकडाच्या खोलगट परातीत रेती घ्यायची, पाण्यात अर्धी बुडवून गोल गोल फिरवायची. हलकी रेती काठावरून निघून जाते, जड काळी रेती तळाला राहते, आणि नशिबात असलंच तर त्या काळ्यात पिवळा कण दिसतो. हे ते तिथं शिकले. बाकीचे जवान रिटायर होऊन येताना ट्रंकेतून टेपरेकॉर्डर, कांबळी, रमच्या बाटल्या आणत. मामाजींनी कांबळ्यात गुंडाळून ती परात आणली.

वर्धा नदीत सोनं आहे असं कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी शाळेत शिकवते, मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, पुस्तक लिहिणारा इथं गुडघाभर पाण्यात उतरला होता का? मग वर्धा झाली, हिवरखेडला बहिणीकडं गेले की वाण नदी झाली, मेळघाटातले नाले झाले. शेतीतून वेळ मिळाला की परात काखेत आणि फौजी पाण्यात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, सोन्याचा कणही मिळाला नाही. काळी रेती मात्र इतकी मिळाली की आमच्या अंगणातल्या तुळशीची कुंडी तिनंच भरलेली आहे.

मिळायची ती माणसं, आणि तीही जेवणाच्या वेळेला. माझं लग्न होऊन दोन आठवडे झाले होते. दुपारी बाराला मामाजी घरात शिरले, मागं चार अनोळखी माणसं. एक एसटीचा कंडक्टर, एक रिद्धपूरचे महानुभाव बाबा, दोन चादरी विकणारे. मी आत येऊन हळूच विचारलं, हे कोण? म्हणाले, अजून विचारलं नाही, भुकेले होते. मी कणीक मळता मळता मनातल्या मनात किती तोंडसुख घेतलं ते माझं मलाच माहीत. पण जेवण होईपर्यंत कंडक्टरच्या आजोळचं आणि चादरीवाल्यांच्या मामाचं गाव एकच निघालं होतं आणि सगळे एकमेकांना जावई म्हणत होते. हा माणूस अमरावतीहून गावाला येणाऱ्या एसटीत बसला की उतरेपर्यंत अख्ख्या गाडीचं गोत्र त्याला पाठ. कोणाचं लग्न असो, बारसं असो, मयत असो, खुशालराव फौजी हजर. मयतीला तर आधी. लाकडं फोडायला, तिरडी बांधायला, रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला.

सात वर्षांपूर्वी, होळीच्या आधी, नदी आटत आली होती. मामाजी कौंडण्यपूरच्या घाटाच्या खाली, पाच मिनिटांच्या अंतरावर, एका वळणावर रेती धूत होते. आणि परातीच्या तळाशी पिवळं चमकलं. कण नाही, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, एका बाजूनं वितळल्यासारखा चपटा. मामाजी तसेच ओल्या पायांनी बसस्टँडवर आले, हॉटेलातल्या बाकावर तुकडा ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

घाटाच्या खाली, पाच मिनिटांवर. कोणाही शहाण्या माणसाला त्याच क्षणी कळायला हवं होतं की हे सोनं कुठलं. नाही कळलं. मामाजींना नाही, गावाला नाही, मलाही नाही. इतकी वर्षं ज्याची चेष्टा केली तो खरा निघाला, या आनंदात आमची सगळ्यांचीच डोकी फिरली होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याचा बातमीदार येऊन परातीसकट मामाजींचा फोटो काढून गेला. तिसऱ्या दिवशी अर्धं गाव नदीत. घमेली, चाळण्या, एक बाई तर पोळ्या ठेवायची जाळी घेऊन आली होती. मामाजी काठावरून सगळ्यांना परात कशी फिरवायची ते शिकवत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं अमरावतीला गेलो. सराफ्यात नबी म्हणून एक कारागीर आहेत, दागिने घडवतात, मामाजींचे जुने दोस्त. नबीचाचांनी तुकडा कसोटीवर घासला, मान हलवली. मग भिंग लावून बराच वेळ पाहिला. मग एक बारीक सुई घेतली आणि वितळलेल्या बाजूच्या कडेनं आत घातली. सुई दुसऱ्या बाजूनं निघाली.

"फौजीसाहेब, सोनं एकदम खरं हाय," नबीचाचा म्हणाले. "पन मले एक सांगा. नदी भोक पाडते का?"

मणी होता तो. आगीत अर्धा वितळलेला, पोतीतला मणी. दुसऱ्या टोकाला दोन बारीक रेघांची नक्षी अजून शाबूत होती. घाटावरच्या कोणाच्या तरी राखेतून वाहत पाच मिनिटांवर येऊन रेतीत बसला होता. परतीच्या एसटीत मामाजी कोणाशीही बोलले नाहीत. कंडक्टरनं मला खुणेनं विचारलं, तब्येत बरी नाही का?

घरी किशोर, माझे यजमान, म्हणाले, बाबा, कोणाला सांगू नका. पेपरवाले विसरतील, लोक चार दिवस रेती धुतील, कंटाळतील. आता काय उगाच नाक कापून घ्यायचं? मला खरं सांगायचं तर किशोरचं म्हणणं पटलं होतं. मामाजी पाय धूत होते. धुता धुता म्हणाले, "फौजेत नकाशा चुकला त सांगा लागते. नाई सांगितलं त मागून येनारे सारे त्याच खड्ड्यात जातेत."

सकाळी ते बसस्टँडवरच्या त्याच हॉटेलात त्याच बाकावर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. सोनं सापडलेलं नाही, मी चुकलो, हा कोणा मेलेल्या माणसाच्या तोंडातला मणी आहे, ज्या घरचा असेल त्यांनी ओळखावा. आधी लोक हसले. मग हसू थांबलं, कारण रामराव उठून उभे राहिले होते.

रामराव म्हणजे मामाजींचे थोरले चुलतभाऊ. गावात कोणाचंही लग्न असो की मरण, काय करायचं आणि काय नाही ते रामराव ठरवणार. मामाजी मयतीला जायचे ते हात लावायला, रामराव जायचे ते हुकूम द्यायला. ते म्हणाले, मढ्याच्या तोंडचा घास काढलास, आत्ताच्या आत्ता नदीत टाकून ये आणि घर शुद्ध करून घे. चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मामाजी बाकावरून उतरले नाहीत. म्हणाले, ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय टाकणार नाही.

तेवढ्यात सुभद्राबाई आल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, शिवणकाम करतात. त्यांचे यजमान सहदेव आदल्या दिवाळीत गेले होते. त्यांनी पदराखालून गळ्यातला दोरा बाहेर काढला. साधा काळा दोरा, मधे गाठ, आणि त्यात एकच सोन्याचा मणी. तो त्यांनी बाकावरच्या मण्याशेजारी धरला. तीच दोन बारीक रेघांची नक्षी. लग्नात वडिलांनी हिवरखेडच्या सोनाराकडून घडवून आणलेले दोन मणी. त्यातला एक सहदेवबरोबर गेला होता.

"त्या दिवशी पोत रामरावभाऊजीनं ब्लेडनं कापली," सुभद्राबाई म्हणाल्या. "मले कोनं इचारलंबी नाई."

हे त्या ओरडून बोलल्या नाहीत. शिवताना माप सांगतात तसं सांगितलं. मामाजींनी तो मणी त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात पुढं केला, आजूबाजूला पाहिलं, आणि हात मागं घेतला. मेलेल्याच्या तोंडचं सोनं घरात आणलं तर गाव जगू देणार नाही, असं काहीतरी पुटपुटल्या. तुमच्याजवळच राहू द्या म्हणाल्या.

"मंग हे तुमची अमानत हाय," मामाजी म्हणाले. "तुमी म्हनसान तवा."

तो मणी त्यांनी पदकांच्या पत्र्याच्या डबीत ठेवला. फौजेतली तीन पदकं आणि सुभद्राबाईंचा मणी.

त्यानंतर दुसऱ्या कोणी परात माळ्यावर टाकली असती आणि मान खाली घालून राहिला असता. मामाजींनी दोन गोष्टी केल्या. एक, परात घेऊन ते पुन्हा नदीवर जाऊ लागले, फक्त घाटाच्या वरच्या अंगाला. रामरावांच्या दारावरून, मुद्दाम. आणि दोन, मयतीला जाऊन ते पहिल्यासारखी लाकडं फोडत, तिरडी बांधत, पण सोनं ठेवायची वेळ आली की घरच्या माणसाच्या कानाशी लागून सांगत, सोनं ओठाला लावा आणि त्याच्या बाईच्या हातात द्या. त्याच्या वाटणीचं त्याला मिळालं. तिच्या वाटणीचं तिचं राहू द्या.

काही घरांनी ऐकलं. बऱ्याच घरांनी नाही ऐकलं. एका ठिकाणी तर त्यांचा हात धरून अंगणाबाहेर काढलं. ज्या माणसाला अख्ख्या तालुक्यात प्रत्येक जण बसायला चटई टाकायचा, त्याला लोक आता येताना पाहून आपसात कुजबुजायला लागले. मामाजींना याचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना माणसांशिवाय जेवण जात नसे. त्यांना लागलं, फार लागलं. पण दुसऱ्या मयतीला ते परत गेले.

आणि दर पोळ्याला, दर दिवाळीला ते सुभद्राबाईंच्या दारात उभे राहून विचारत, डबी आणू का? दर वेळी त्या म्हणत, सध्या राहू द्या.

एका तेरवीच्या पंगतीत रामराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तुह्या येळेस पाहू खुशाल्या. तुह्या घरचेच तुह्या तोंडात सोनं टाकतीन."

मामाजी हसले. पण घरी आल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. मी भाजी निवडत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "किशोर भला हाय, पन मऊ हाय. चार लोक बोलले त हो म्हनन. तू नको म्हनजो, नीलम."

मी बरं म्हणाले. खरं सांगते, मेथीची जुडी सोडता सोडता म्हणाले. तेव्हा मला वाटलं नव्हतं की ते इतकं अवघड असेल.

दीड वर्षापूर्वी कार्तिकात, कौंडण्यपूरची यात्रा भरली होती. सकाळी मामाजी नदीवरून आले, परात भिंतीला टेकवली, छातीत दुखतं म्हणाले. आम्ही गाडी करून अमरावतीला निघालो. ते वाटेतच गेले. शेवटपर्यंत ड्रायव्हरला त्याचं गाव विचारत होते. त्यानं गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते.

आमच्या दारात एवढी माणसं मी लग्नातही पाहिली नव्हती. अमरावतीहून नबीचाचा आले, रिद्धपूरचे बाबा आले, तीन डेपोंचे कंडक्टर आले, ज्यांनी त्यांना अंगणाबाहेर काढलं होतं तेही आले. तिरंगा आणला कोणीतरी. आंघोळ झाली, कपडे झाले, तुळशीचं पान झालं, गंगाजळ झालं. मग रामराव पुढं आले. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. स्वतःच्या अंगठीतून कापून आणलेला सोन्याचा तुकडा. त्यांचे डोळे लाल होते. ते दुष्ट माणूस नाहीत, हेही मला सांगितलंच पाहिजे. लहानपणी दोघं एकाच ताटात जेवलेले.

"माह्या भावाचं तोंड रिकामं जानार नाई," ते म्हणाले.

किशोरनं माझ्याकडं पाहिलं. आणि मग मामाजींनी आधीच ओळखलं होतं तसंच, चार लोकांच्या बाजूनं बोलले. एवढंसं तर आहे नीलम, असू दे ना.

मी मधे जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "मोठे मामाजी, हे होनार नाई. ते मले सांगून गेले."

मग सुरू झालं. कोणी म्हणालं, सून आहे, तिचं काय जातं. कोणी म्हणालं, चार बुकं शिकली म्हणून सासऱ्याची वाट अडवते. माझी सख्खी नणंद रडत रडत म्हणाली, वहिनी, तुमच्या हट्टापायी माझा बाप भटकत राहील. हे मला झेपलं नाही. एक क्षण मला खरंच वाटलं, माझं चुकत असेल तर? मी मामाजींच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते काही बोलत नव्हते. किशोरनं माझा दंड धरला होता. मी बाजूला होणारच होते.

तेव्हा बायकांमधून सुभद्राबाई उठल्या आणि म्हणाल्या, "नीलम, डबी आन."

मी आत गेले, डबी आणली. झाकण गंजलं होतं, निघेना. नबीचाचांनी काढून दिलं. सुभद्राबाईंनी पदकं बाजूला करून मणी उचलला. त्या मामाजींच्या उशाशी बसल्या, मणी त्यांच्या ओठांना लावला आणि क्षणभर तसाच ठेवला. मग सगळ्या गावासमोर त्यांनी पदर मागं सारला, गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला आणि दातांनी गाठ सोडली. सहा वर्षांपूर्वी ब्लेडनं कापलेला तोच दोरा. त्यांनी मणी दुसऱ्या मण्याशेजारी ओवला. भोक वितळून बारीक झालं होतं, दोरा दोनदा ओला करावा लागला. त्यांनी गाठ बांधली आणि दोन्ही मणी उघडे, पदराच्या वर, तसेच राहू दिले.

"खुशालभाऊ," त्या म्हणाल्या, "अमानत पोचली."

रामराव त्या गाठीकडं बघत उभे होते. ती गाठ कोणामुळं पडली होती हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यांनाही. मग त्यांनी कागदाची पुडी मिटली, खिशात घातली, आणि खांदा द्यायला पुढं आले.